मागचा दिवा

"पडली का पुन्हा चेन?" सायकल-सहलीचा कॅप्टन ओरडला आणि ओठांशी नेलेली शिट्टी त्याने खाली सोडली.

पुलाच्या कठड्यापाशी बाकीची मंडळी निघायच्या बेतात होती. हेल्मेटचे पट्टे बांधून झाले होते, बाटल्या भरून झाल्या होत्या. तेवढ्यात ऑपरेटरबाई आणि त्यांच्या मागून गार्डसाहेब येऊन पोचले, आणि पोचल्या पोचल्या गार्डसाहेबांची सायकल आडवी झाली. सत्तरीला टेकलेला तो लांबोडका माणूस उकिडवा बसून चेनशी झटत होता.

"जरा दम धरा," गार्डसाहेब म्हणाले. "जुनं धूड आहे, रुसतं मधूनच."

"काका, भंगारात घाला ते धूड," कॅप्टन म्हणाला. "दर थांब्यावर तुमचं हेच रडगाणं."

सगळे हसले. ऑपरेटरबाईही हसल्या आणि लगेच सावलीत जाऊन पाय पसरून बसल्या. मनातून त्यांनी त्या चेनचे आभारच मानले.

कारण या सहलीत एक अन्याय होता आणि तो कोणी मुद्दाम केलेला नव्हता. पुढचे लोक थांब्यावर आधी पोचत, पाणी पीत, केळी खात, डुलकीसुद्धा काढत. सगळ्यांत मागचा माणूस धापा टाकत येई तेव्हा त्यांची विश्रांती झालेली असे आणि कॅप्टन शिट्टी फुंकी. म्हणजे जो सर्वांत दमलेला, त्यालाच टेकायला मिळायचं नाही. आणि सर्वांत हळू ऑपरेटरबाईच होत्या; गार्डसाहेब आपणहून त्यांच्या मागे राहत.

अख्खी नोकरी त्यांनी एका इस्पितळाच्या टेलिफोन बोर्डासमोर खुर्चीत काढली. लोकांना लोकांशी जोडून दिलं, स्वतः मात्र कुठे गेल्या नाहीत. निवृत्त झाल्यावर देशाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत सायकलने जायचं खूळ त्यांच्या डोक्यात शिरलं, तेव्हा घरात हसून हसून पुरेवाट झाली. "आई, व्हॅनमध्ये बसून येशील तू," मुलगी म्हणाली. ते बाईंना फार लागलं. सामानाच्या व्हॅनमध्ये एक हातभरसुद्धा अंतर बसून जायचं नाही, असा त्यांनी पण केला आणि पहिल्याच दिवशी सगळ्यांना सांगूनही टाकला. आता शेवटचं टोक उद्यावर आलं होतं आणि पण अजून शाबूत होता.

आजचा रस्ता मात्र जीव खाणारा. वळण नाही, चढ नाही, उतार नाही. दोन्ही बाजूंना कापणी झालेली शेतं, एकसारखे खांब आणि समोरून छातीवर हात ठेवून ढकलावं तसा वारा. तासभर पायडल मारून मान वर करावी तर तोच खांब, तेच शेत. बोलायला विषय संपले, गुणगुणायला गाणी संपली.

पुढच्या थांब्यावर बाई पाण्याच्या टाकीमागे तोंड धुवायला गेल्या आणि तिथून त्यांना जे दिसलं त्याने त्या हातातलं पाणी तोंडावर मारायच्या विसरल्या. गार्डसाहेबांनी इकडेतिकडे पाहिलं, खाली वाकले आणि चांगली बसलेली चेन एका बोटाने अलगद पाडली. मग चेहरा पाडून म्हणाले, "कॅप्टन, माफ करा हं!"

"काका, तुम्हाला आता हात जोडावेत की पाय धरावेत?" कॅप्टन म्हणाला.

रोज चारचौघांत हा माणूस हसं करून घेत होता, ते आपल्याला घटकाभर टेकता यावं म्हणून! धन्य आहे या माणसाची, असं त्यांना वाटलं. पण बोलून दाखवलं तर तो ओशाळेल, म्हणून त्यांनी हातातलं पाणी तोंडावर मारलं आणि बाहेर आल्या.

रस्त्याला लागल्यावर त्यांनी आडून विचारलं, "गार्डसाहेब, सारखं मागे राहायचा कंटाळा येत नाही का हो तुम्हाला?"

"मागे राहायचाच तर पगार खाल्ला ताई. मालगाडीचा गार्ड मी. गाडी एवढी लांब की इंजीन कधी दिसायचं नाही. दिवस दिवस बोलायला माणूस नाही."

"मग करायचात काय?"

"मागचा दिवा सांभाळायचा. स्टेशनावरून गाडी गेली की तिथला माणूस तो दिवा बघतो. दिवा दिसला म्हणजे गाडी पूर्ण गेली, मागे डबा सुटलेला नाही. मग तो निश्चिंत." आणि ते हसले. "इंजिनाला कोणीही हात हलवतं हो. मला पोरं नुसती वाकुल्या दाखवायची."

शेवटचा थांबा एका मोठ्या झाडाखाली होता. तिथे गार्डसाहेब उतरले ते झाडाला धरूनच. ओठ पांढरे पडले होते. सवयीने ते चेनकडे वाकायला गेले, पण पाठ वाकेना. उन्हं कलली होती आणि कॅप्टनने शिट्टी ओठांना लावली होती. आत्ता निघालं तरच उजेडात मुक्कामाला पोचता येणार होतं. अंधारात रस्त्यावर ट्रक सुसाट धावत, म्हणून काळोख पडला की जो मागे असेल त्याला व्हॅन उचलणार, हा नियम पहिल्या दिवसापासूनचा.

बाईंनी आपल्या पुढच्या चाकाकडे पाहिलं. मुलीचं हसू त्यांच्या डोळ्यांपुढे आलं. मग त्या वाकल्या आणि व्हॉल्व्ह दाबून धरला.

"कॅप्टन, माझ्या चाकात हवा नाही!"

"मावशी, तुम्ही पण?" कॅप्टनने कपाळाला हात लावला. "मी या लोकांना घेऊन पुढे होतो. पण उजेड गेला की व्हॅन येईल. मग कटकट नको."

"नाही करणार."

बाकीचे सगळे निघून गेले. बाईंनी पंप काढला, पण जोडला नाही. गार्डसाहेब झाडाला पाठ लावून बसले होते. बाटलीभर पाणी पोटात गेल्यावर त्यांच्या चेहऱ्यावर जरा रंग आला.

"ताई, पंक्चर कुठे आहे?"

"शोधतेय."

त्यांनी चाकाकडे पाहिलं, बाईंकडे पाहिलं. रोज स्वतःच करत आलेलं सोंग त्यांनी ओळखलं नसतं तरच नवल.

"उगीच केलंत. व्हॅनमध्ये न बसायचा तुमचा पण होता."

"तुम्ही पडून राहा बघू."

"बरं. सावकाश शोधा मग," ते म्हणाले आणि त्यांनी डोळे मिटले.

व्हॅन आली तेव्हा खांब दिसेनासे झाले होते. बाईंनी आपली सायकल स्वतः उचलून आत घातली आणि कोणी सांगायच्या आत चढून बसल्या. गार्डसाहेब मात्र खालीच रेंगाळले होते. त्यांनी आपल्या सायकलीचा लाल दिवा सोडवला, व्हॅनच्या मागच्या दाराला रुमालाने घट्ट बांधला, पेटवला, आणि मग सर्वांत शेवटी चढले.

मुक्कामाच्या शाळेच्या फाटकात कॅप्टन कधीचा येरझाऱ्या घालत होता. व्हॅन त्याच्यासमोरून आत वळली आणि मागचा लाल ठिपका त्याला दिसला. त्याने आतल्या लोकांना हाक दिली, "आले रे सगळे! घ्या जेवायला."

बाई उतरल्या तोच फोन वाजला. मुलगी होती.

"आई, पोचलीस? सायकलवरच ना?"

"पोचलो गं, सगळे पोचलो," बाई म्हणाल्या. "मी व्हॅनने आले."

मुलगी हसली. बाईंनी तिला हसू दिलं आणि फोन ठेवला. अंगणात गार्डसाहेब रुमालाची गाठ सोडवत होते. आतून जेवायला हाका येत होत्या, पण बाई दाराशी उभ्या राहिल्या. दिवा विझवून गार्डसाहेब आत गेले, तेव्हा त्या त्यांच्या मागून आत गेल्या.