तेराशे अडतीस साल

रंजीताने अर्जातल्या सालावर बोट ठेवून ते पुन्हा वाचलं आणि मान हलवली.

"इंदुताई, इथी एकोणीसशे अडतीस लिवलं हाय. तुमच्या घरचे एकोणीसशे तीसच्या आधीपासून हे वावर वाहत होते, असा पुरावा पायजे. आठ वर्सं कमी पडून राह्यले."

ती गावच्या वनहक्क समितीची सचिव. समाजमंदिरात सभा भरली होती. तीन पिढ्यांनी कसलेलं दोन एकर रान हातचं जाणार होतं. इंदुताईंनी अर्ज भरणाऱ्या लेकाकडे पाहिलं.

"आपल्या जुन्या कागदावर तेराशे अडतीस होतं," धनराज पुटपुटला. "तेराशे साली इथी वाघाबिगर कोन होतं? मले वाटलं, लिवणारा चुकला. मीनं अर्जात दुरुस्त करून टाकलं."

सभा खो खो हसली. अति शहाणा त्याचा बैल रिकामा! इंदुताईंना मात्र रडू कोसळायचंच बाकी होतं.

मागून शेजारच्या वावराचे गुणवंतराव उठले. ऐंशी पार केलेले, आणि इंदुताईंशी अकरा वर्षं अबोला धरलेले. आता हे मेलेल्याला मारणार, असं इंदुताईंना वाटलं.

"लिवणारा नाई चुकला रे, तू चुकला. तवा आपला मुलूख निजामाचा होता. मोगल बादशहाच्या काळापासनं चालत आलेलं फसली साल हाय हे. त्यात पाचशे नव्वद मिळव."

रंजीताने मोबाइलवर बेरीज केली.

"एकोणीसशे अठ्ठावीस! झालं की, ताई!"

इंदुताईंनी पदर तोंडाला लावला. कधी न पाहिलेल्या त्या बादशहाला त्यांनी मनोमन हात जोडले.

"बाकीचं मोडीत हाय," अर्जाला जोडलेला जुना कागद गुणवंतरावांपुढे धरत रंजीता म्हणाली. "काका, तुम्हीच वाचा."

गावात मोडी येणारे तेवढेच उरले होते. अक्षर त्यांच्या पटवारी वडिलांचं होतं. वाचता वाचता गुणवंतराव एका ओळीशी थांबले. चष्मा काढून पुसला, पुन्हा लावला.

"पूर्वेच्या धुऱ्यावरचा मोह," ते सावकाश वाचू लागले, "याच वावराचा."

रंजीताने ते लिहून घेतलं. अकरा वर्षं बांधावरच्या त्या मोहाच्या झाडाची फुलं गुणवंतरावांच्या घरी जात होती, हे सभेत सगळ्यांना ठाऊक होतं. कोणी हसलं नाही.

"भाऊ," इंदुताई म्हणाल्या, "औंदा संगंच येचू."

गुणवंतरावांनी कागदाची नीट घडी घालून त्यांच्या हातात दिली.

"पहाटे येकटी नोको येऊ, बाई. अस्वल येते तिथी. मले हाक मार."