दोन जावांचे फोन आणि काळे चित्र

भय हे पाप नव्हे. ज्याला प्राण आहे त्याला भय आहे, आणि आपल्या माणसाच्या प्राणासाठी वाटणारे भय हे तर स्नेहाचेच एक रूप होय. पाप घडते ते भ्यालेल्याचा हात धरून त्याला आणखी अंधारात नेणाऱ्याकडून. खरे ठाऊक असूनही केवळ लाजेपायी जो गप्प बसतो, त्याच्या पदरीही त्या पापाचा काही वाटा येतोच. पुढील हकिकतीत भ्यालेली, भिवविणारा आणि गप्प बसणारा असे तिघेही आहेत.

रविवारची भर दुपार होती; पण सभागृहात रात्र उतरवलेली होती. खिडक्यांवर काळे पडदे, दाराच्या फटींत कापडाच्या गुंडाळ्या, आणि आत दोनशे माणसे दाटीवाटीने बसलेली. शेजारच्या, पुस्तके बांधून देणाऱ्या बाइंडरने मला आग्रहाने आणले होते. "गुरुजी, तुम्ही बरोबर या. हिला एकट्याने घेऊन जायचा मला धीर नाही." त्याच्या बायकोच्या पोटात गाठ निघाली होती आणि गुरुवारी शस्त्रक्रिया ठरली होती. ती, म्हणजे त्या घरातली धाकटी सून, आणि तिची थोरली जाऊ माझ्या पुढच्याच रांगेत एकमेकींचा हात धरून बसल्या होत्या.

ज्यांच्या दर्शनाला सारे जमले होते ते ज्योतमहाराज व्यासपीठावर आले. आवाज मधाचा, नजर हिशेबनिसाची.

"माणूस खोटं बोलतो. डॉक्टर खोटं बोलतो. यंत्र खोटं बोलत नाही! हा फोन दिवसभर तुमच्या हातात, रात्रभर तुमच्या उशाशी. तुमचा प्राण त्यात थेंब थेंब झिरपतो, भक्तांनो! मी सगळ्यांना एक काळं चित्र पाठवलंय. त्याचं नाव कालपट. उघडा, पडदाभर पसरा, उजेड पूर्ण वाढवा आणि फोन छातीशी धरा. ज्याच्यात प्राणज्योत आहे, त्याचा कालपटसुद्धा उजळेल. ज्याची ज्योत विझली..." येथे त्यांनी एक दीर्घ उसासा टाकला. "दिवे बंद!"

काळोख झाला, आणि त्यात हळूहळू शंभर-सव्वाशे छात्या धुक्यासारख्या करड्या उजेडाने उजळल्या. चित्र काळेच होते, तरी त्यातून उजेड पाझरत होता. उरलेल्या माणसांच्या हातांत मात्र काहीच नव्हते. फोन चालू होते, चित्र उघडे होते, आणि तरी जणू तेथे फोनच नव्हता, भोक होते.

माझा जुना स्वस्तातला फोन उजळला. मला बरे वाटले, आणि बरे वाटल्याची लाजही वाटली.

थोरलीचा फोन उजळला. धाकटीचा विझलेलाच राहिला.

"जाऊबाई," ती कुजबुजली, "माझा का नाही हो लागत?"

तेवढ्यात महाराज तिच्यापाशी येऊन उभे राहिले. "मुली, तुझी ज्योत गेलीय. पण घाबरू नकोस, मी आहे. चाळीस दिवस अंगाला लोखंड लागू द्यायचं नाही. सुई नाही, सुरी नाही. मग ज्योत परत येते. ज्यांचे चाळीस दिवस भरलेत त्यांनी पुढं यावं!"

सात जण पुढे झाले. त्यांना दुसरे चित्र पाठविण्यात आले. तेही काळेच. त्यांचे विझलेले फोन एकामागून एक मंद उजळले. सभागृहात हुंदके फुटले. माझ्याही अंगावर काटा आला, हे मी लपवीत नाही.

दुसऱ्या दिवशी मी बाइंडिंगच्या खोलीत गेलो. थोरली खळ ढवळीत होती. बाइंडर दाबयंत्राशी उभा होता, पण दाबीत काहीच नव्हता. पुस्तकांचे फर्मे, म्हणजे घड्या घातलेले छापील कागद, शिवण्याचे काम धाकटीचे. नऊ वर्षे त्या घरातले प्रत्येक पुस्तक तिच्या सुईखालून गेले होते. आज न शिवलेल्या फर्म्यांचा ढीग तिच्या कमरेइतका चढला होता आणि ती भिंतीला टेकून, दोन्ही हात मांडीत धरून बसली होती. तिने पहाटेपासून सुईला हात लावला नव्हता.

"अगं, डॉक्टरीणबाईंनी गुरुवार दिलाय," बाइंडर म्हणाला. "गाठ भराभर वाढतेय म्हणाल्या. थांबलीस तर ती थांबणार आहे का?"

"गुरुवारी टेबलावर मरण्यापेक्षा चाळीस दिवस घरात जगते. त्यानंतर बघू."

"फोनला काय कळतंय माणसाचं?"

"मग जाऊबाईंच्या फोनला कसं कळलं?" ती ताडकन म्हणाली. "दोघींचे फोन एकाच दिवशी, एकाच दुकानातून घेतले. कंपनी तीच, रंगसुद्धा तोच. फोनचाच गुण असता तर दोघींचे सारखेच दिसले असते. आता तुम्हीच सांगा, गुरुजी, माझं काय चुकतंय?"

मी आयुष्यभर विद्यार्थ्यांना तर्कशास्त्राचे पाठ दिले, आणि येथे शिवणकाम करणाऱ्या एका बाईने माझ्यापुढे निर्दोष अनुमान मांडले होते.

"त्या फोनला आग लागो!" थोरली खळीचा चमचा आपटीत म्हणाली. "विझायचाच होता तर माझा विझायचा. माझी दोन्ही पोरं मोठी झालीत. हिची अजून दप्तर उचलत नाहीत."

अनुमान निर्दोष असून निष्कर्ष खोटा निघत असेल, तर ज्या पायावर ते उभे आहे तो पाया तपासावा. दोन्ही फोन सारखे, हा तो पाया. मी विचारले, "यांतला एखादा फोन कधी दुसऱ्या कुणाच्या हाती गेला होता का?"

"माझा गेला होता की," थोरली म्हणाली. "जिन्यावरून घरंगळला, काचेचा चुरा झाला. त्या कोपऱ्यावरच्या मोबाइलवाल्याने दोन तासांत नवा डिस्प्ले बसवून दिला."

मोबाइलवाल्याचे दुकान म्हणजे एक टेबल, एक भिंग आणि असंख्य बारीक स्क्रू. मी थोरलीच्या फोनचे नाव काढताच त्याच्या हातातला चिमटा खाली पडला.

"ओरिजिनलच टाकला होता, गुरुजी."

"मी अजून ते विचारलेलंच नाही, बाळा."

त्याने वाकून चिमटा उचलला. मी त्याला गाठीचे सांगितले, गुरुवारचे सांगितले. न शिवलेल्या ढिगाचेही सांगितले.

"वहिनी माझी अब्रू चौकात टांगतील हो."

"टांगतील. पण टांगलेली अब्रू केव्हातरी खाली उतरवता येते. ती मुलगी गेली तर परत आणता येणार नाही."

बुधवारी सकाळी तो आपली पेटी घेऊन आला. तोवर शेजारपाजारची दहा-बारा माणसे खोलीत जमली होती. त्यांतल्या चौघांचे फोन महाराजांपुढे विझले होते आणि त्यांच्या चेहऱ्यांवरून झोप उडून गेलेली दिसत होती.

"वहिनी," तो मान खाली घालून म्हणाला, "तुमच्या फोनला कंपनीने ओएलईडी डिस्प्ले दिला होता. मी बदलताना एलसीडी बसवला. कॉपीचा. स्वस्तातला."

"मुडद्या!" थोरली उभीच राहिली. "आणि वर म्हणालास, वहिनी, तुमच्यासाठी खास!"

"कॉपीत तो खासच होता."

कुणीतरी हसले. धाकटी हसली नाही. "त्याने काय होतं?" तिने विचारले.

"एलसीडीत पडद्यामागे एक दिवा सतत जळत असतो," तो म्हणाला. "पुढे बारीक बारीक झडपा. काळं दाखवायचं म्हणजे झडपा मिटायच्या. पण त्या पुरत्या मिटत नाहीत, थोडा उजेड गळतोच. ओएलईडीत मागे दिवा नसतोच. प्रत्येक ठिपका हाच एक दिवा. काळं दाखवायचं म्हणजे ठिपका बंद. साफ अंधार. अहो, दुकानात आम्ही त्याच काळ्याची जाहिरात करतो! काळा जितका गडद, तितका डिस्प्ले भारी."

"म्हणजे भारी फोनवाला तेवढा मरणार," बाइंडर सावकाश म्हणाला, "आणि स्वस्तातला वाचणार?"

"महाराजांना भारी फोनवालेच हवेत ना भाऊ, घाबरवायला. पैसा त्यांच्याकडेच."

"तोंडाने काहीही सांगता येतं," धाकटी म्हणाली. "दाखव."

त्याने दोन्ही फोन टेबलावर घेतले. कडा तापवल्या, पातळ पात्याने काचा उचकल्या, पट्ट्या सोडवल्या. थोरलीचा डिस्प्ले धाकटीच्या फोनला आणि धाकटीचा थोरलीच्या फोनला. त्याला तासभर लागला. मग दोन्ही फोनांवर कालपट उघडून त्याने ते कागद ठेवण्याच्या रिकाम्या, अंधाऱ्या कपाटात ठेवले आणि एकेकाला कपाटात डोके घालून पाहायला लावले.

धाकटीचा फोन उजळला होता. थोरलीचा विझला होता.

"अरे देवा," मागून एक म्हातारी ओरडली, "आता थोरलीवर आलं!"

आणि मी पाहिले, की सगळे ऐकून, सगळे समजूनही थोरलीचा चेहरा क्षणभर कागदासारखा पांढरा झाला. भय बुद्धीच्या आधी पोहोचते. मग तिने हात घालून तो काळा फोन बाहेर काढला आणि पदराला पुसला.

"कुणावर काही आलेलं नाही," ती म्हणाली. "आणि आलंच असेल तर राहू दे माझ्याकडे. हा फोन मी असाच वापरणार. उद्या तू आत जा, मी हा घेऊन दाराशी बसते. बघू माझं काय होतं ते!"

धाकटीने तिच्या खांद्यावर डोके टेकले. चार दिवसांत ती प्रथमच रडली.

शेजाऱ्यांपैकी एकाने विचारले, "मग चाळीस दिवसांनी ज्योत परत कशी येते?" मोबाइलवाल्याने, त्या सात जणांपैकी एकाकडून मिळवलेले, महाराजांचे दुसरे चित्र त्याच विझलेल्या फोनवर लावून कपाटात धरले. मंद उजेड आला. "हे चित्र काळं नाहीच. अगदी गडद करडं आहे. दिव्याच्या उजेडात डोळ्यांना काळंच वाटतं. पण ठिपके बंद होत नाहीत, किंचित जळत राहतात. ज्योत परत येत नाही, काका. चित्र बदलतं."

सायंकाळी महाराजांची पुन्हा सभा होती; ती सगळी मंडळी सभागृहात गेली. थोरलीने भर सभेत दोन्ही फोन पुढे करून विचारले, "महाराज, रविवारी ही मरत होती, आज मी मरतेय. नक्की कोण ते ठरवा एकदा!" यंत्र खोटं बोलत नाही म्हणणारे महाराज म्हणाले, "यंत्रावर इतका विश्वास ठेवू नये, माई." लोक हसले, एकाने खिडकीचा पडदा ओढला, आणि उजेडात महाराज फारच लहान दिसले. मागच्या दाराने ते गेले ते परत दिसले नाहीत.

वाचकहो, माझी विनंती एवढीच. कोणी तुम्हाला अंधारात बसवून तुमचे मरण दाखवू लागला, तर आधी दिवा लावायला सांगा. मग ती वस्तू उघडून पाहा, दुसऱ्याच्या वस्तूशी अदलाबदल करून पाहा, आणि ती ज्याने दुरुस्त केली त्याला विचारा. विचारण्याने कोणतीही श्रद्धा बाटत नाही. आणि ज्याच्याजवळ खरे उत्तर आहे त्याने लाज गिळून ते वेळेवर द्यावे. मोबाइलवाल्याने एक दिवस उशीर केला असता तर ही कथा लिहिण्याचे धैर्य मला झाले नसते.

गुरुवारी सकाळी रुग्णालयाच्या दाराशी धाकटी मला म्हणाली, "गुरुजी, भीती वाटतेच आहे."

"वाटू दे," मी म्हणालो. "कालपर्यंत तू एका चित्राला भीत होतीस. आज खऱ्या गोष्टीला भीत आहेस. या भीतीवर इलाज करणारी माणसं आत उभी आहेत."

दुपारी दोन वाजता डॉक्टरीणबाई बाहेर आल्या. गाठ पूर्ण निघाली होती. तपासणीचा अहवाल यायला आठवडा लागणार होता. थोरली भिंत धरून खाली बसली, आणि तिच्या शेजारी, सकाळपासून दाराशी उभा असलेला मोबाइलवालाही बसला.

त्या मुलीची जखम सुखाने भरून येवो. तिचा अहवाल निर्मळ येवो. तिच्या जावेचे प्रेम असेच तिखट आणि शाबूत राहो. चूक कबूल करणाऱ्या त्या कारागिराच्या हाताला यश येवो. आणि कोठल्यातरी अंधाऱ्या सभागृहात, छातीशी फोन धरून, जे आज भिऊन बसले असतील, त्यांच्यापर्यंत कोणीतरी खरे बोलणारा वेळेत पोहोचो.