चारशेतीनला निरोप

अथर्व दुपारी पाऊण तास झोपतो. त्याच्या मुठीतून माझा पदर हळूच सोडवायचा आणि जुन्या लग्नपत्रिका कापून केलेली सोळा कार्डं जमिनीवर मांडायची. एक कार्ड म्हणजे बिल्डिंगमधलं एक राहतं घर. कोऱ्या बाजूवर, खिडकीतून पाहून-ऐकून, लिहिलंय: मजला, भाषा, पाणी कोण भरतं.

एम.एस्सी.च्या प्रकल्पासाठी मी हाच विषय घेतलाय. ओळखी कशा जुळतात, निरोप कुठवर पोचतो. विद्यापीठातला कॉम्प्युटर मीरा रोडला आल्यापासून सुटलाच, म्हणून सापशिडीचा फासा. मजला एक असेल तर चार किंवा वर पडलं की ओळख. भाषा एक असेल तर तीन किंवा वर. नळावर रोज भेटणाऱ्यांना फासा लागतच नाही. ओळख झाली की पेन्सिलीची रेघ.

निरोप निघतो एकशेदोनमधून. बिल्डिंगमध्ये फोन फक्त तिथल्या केसरबेनकडे. माझ्या गाइड सरांनाही मी तोच शेजारचा पी.पी. नंबर दिलाय, माझ्या नवऱ्याने, नीरजने, तो केसरबेनना कधीतरी विचारून ठेवला होता. काम मांडायची तारीख सर त्यावर कळवणार होते. ती चुकली तर नाव रद्द.

वीस डाव खेळले. निरोप आमच्या चारशेतीनला एकदाही आला नाही. आधी वाटलं, नियमच चुकलेत. मग आमचं कार्ड नीट वाचलं. चौथ्या मजल्यावरचे बाकीचे फ्लॅट अजून विकलेले नाहीत. मराठी घर आमचं एकटंच. पाणी कोण भरतं? नीरज. पहाटे उठून तो चार मजले हंडे चढवतो. बाळाला घेऊन तू कुठे खाली येतेस, म्हणतो. या मायेची परतफेड म्हणून दीड वर्षं मी त्याच्या चहात आलं जास्त घालत होते.

दुसऱ्या दिवशी त्याची दाढी चालू असताना अथर्वला कडेवर घेतलं, हंडा उचलला आणि खाली गेले. रांगेतलं बोलणं थांबलं. कोणाकडे आलीस, केसरबेननी हिंदीत विचारलं. चारशेतीन, सुरुची, मी म्हटलं.

"उधर तो भाईसाब अकेले रहते हैं ना? सोमवार को कोई सर का फोन था, सुरुची को बुलाओ. मैं बोली, ऐसी कोई लेडीज इधर नहीं."

"फिर?"

"बोले, मिली तो बताना. गुरुवार, ग्यारह बजे."

आज बुधवार.

तेवढ्यात नीरज खाली आला, एका गालावर साबण तसाच. माझा हंडा नळाखाली लागला होता. त्याने हंड्याकडे हात नेला, मी त्या हातात अथर्व दिला. अथर्वने लगेच फेसात बोट बुडवलं.

"अहो, उद्या रजा टाका. मला विद्यापीठात जायचंय."

"वर चल. बघू."

वर गेल्यावर त्याच्या 'बघू'चं काय होतं, ते मला पाठ आहे. बायका ऐकत होत्या. हंडा भरून वाहू लागला, मागची बाई आपली बादली पुढे सरकवू लागली.

"इथेच सांगा," मी म्हटलं आणि नळासमोरून हलले नाही.