दाराच्या डाव्या बाजूला

क्विंटर नावाची ती पोरगी पहिल्यांदा आली तेव्हा ओगुतू दारात बसून ओमेना निवडत होता. वाळवलेल्या त्या बारीक मासळीत वाळू फार असते. निवडायचं काम त्याच्या बायकोचं, अकुमूचं होतं. अकुमू गेल्या मार्चमध्ये वारली, तेव्हापासून तो स्वतः निवडायचा आणि तरीही रोज दाताखाली खडा यायचा.

पोरीच्या गळ्यात ओळखपत्र होतं, हातात पाटीएवढा फोन होता आणि सोबत ओगुतूचा धाकटा भाऊ ओयुगी होता. ओयुगी हसत होता. ओगुतूला पहिली शंका तिथंच आली. सकाळी सकाळी हसणाऱ्यातला ओयुगी नव्हता.

"बाबा, बरे आहात ना?" पोरगी म्हणाली.

"आहे. काय काम काढलंस?"

"तुम्हाला पैसे मिळणार आहेत. एक लाख दहा हजार शिलिंग, दोन हप्त्यांत, फोनवर येतील. परत द्यायचे नाहीत. गावात सगळ्यांनाच मिळणार आहेत. मला फक्त सांगा, तुम्ही त्यांचं काय कराल?"

"तू काय करशील?"

"मला नाही मिळणार, बाबा. आमचं गाव यादीत नाही."

"म्हणजे स्वतःला नाही आणि लोकांना वाटत फिरतेस?"

ओयुगी म्हणाला, "दादा, सरळ उत्तर दे ना. तिला अजून अकरा घरं करायचीत."

पोरीने फोनवर बोट ठेवलं. "घरात माणसं किती?"

"दोन."

ओयुगी खाकरला. "एक."

"दोन," ओगुतू म्हणाला आणि त्याने दाराच्या डाव्या बाजूला बघितलं. तिथं मातीचा उंचवटा होता. त्यावर अजून गवत नीट धरलं नव्हतं. पोरीनेही तिकडं बघितलं. ती हळू आवाजात म्हणाली, "मला एकच लिहावं लागेल, बाबा. रागावू नका."

तो रागावला नाही. पण मग तिने मागं सरकून त्याच्या गवती छपराचा फोटो काढला आणि फोन आडवा धरून अंगणाच्या मधोमध उभी राहिली.

"हे काय चाललंय?"

"घर कुठं आहे त्याची नोंद करते. नकाशावर."

ओगुतू उठला. सूप उलटलं, मासळी मातीत सांडली. "माझ्या नावापुढं नको असं लिही," तो म्हणाला. "आणि अंगणातून बाहेर हो."

त्याचं कारण अकरा वर्षांपूर्वीचं होतं. दलदलीच्या काठाला तांदळाची एक कंपनी आली होती. आधी तिने साबण वाटला. मग टोप्या वाटल्या. मग अंगठे घेतले. साबण मिळाल्याचा अंगठा आहे, असं त्या माणसांनी सांगितलं होतं. ओगुतूने अंगठा दिला, अकुमूच्या भावांनीही दिला. पाऊस संपता संपता कुंपण आलं. अकुमूच्या बापाची कबर तारेच्या आत गेली. पुढं कंपनी बुडाली, माणसं निघून गेली, तार तेवढी राहिली. वर्षातून एकदोनदा अकुमू तारेबाहेर जाऊन बसायची. सोबत ओगुतू असायचा. तेव्हाही फुकटाची वस्तू घेऊन येणारी माणसं हसतमुखच होती आणि तेव्हाही जमिनीवर उभं राहून काहीतरी टिपत होती.

गावाच्या शंका वेगळ्या होत्या. हातपंपावर बायका सांगायच्या की पैसे घेतले की तिसऱ्या महिन्यात पलंगाखाली साप येतो आणि त्याला रोज अंडं द्यावं लागतं.

"आमच्याकडं कोंबडी नाही," एक जण म्हणाली. "उपाशी मरेल बिचारा."

"तुझ्याकडं पलंग तरी कुठंय?" दुसरी म्हणाली आणि सगळ्या खिदळल्या. हसून झाल्यावर मात्र प्रत्येकीने दुसरीला विचारलं, तू नाव दिलंस का गं? आणि प्रत्येकीने दिलं होतं. एक जण शिलाई मशीन घेणार होती, एक पोराची फी भरणार होती. एक म्हणाली की ती काय घेणार ते नवऱ्याला कळू देणार नाही.

ओगुतूला सापाची भीती नव्हती. त्याला कुंपणाच्या खांबांची भीती होती.

संध्याकाळी ओयुगी आला. या वेळी हसत नव्हता. बापाच्या जुन्या आवारात दोघा भावांची घरं समोरासमोर होती. बाप गेला, आई गेली, भाऊ तिथंच राहिले. रीत अशी की थोरल्याने आवार सोडून आपलं नवं घर मांडायचं, मगच धाकट्याने. ही पायरी मोडली तर चिरा लागतो, म्हणजे घरातली पोरं एकेक करून खंगतात. ओयुगीला पाच पोरं होती. रीत मोडायची त्याची छाती नव्हती.

"माझे पैसे आले तरी मला घर बांधता येणार नाही," तो म्हणाला. "तुला माहीत आहे."

"गाय घे."

"आणि पोरं कुठं झोपवू? गाईच्या पोटाखाली? परवाच्या पावसात मधली दोघं टेबलावर बसून होती, दादा. मी त्यांच्यावर परात धरून उभा होतो."

"तू त्या पोरीला आणलंस. तुला किती मिळाले?"

"वाट दाखवायचे दोनशे शिलिंग आणि एक सोड्याची बाटली."

"बघ. मला साबण मिळाला होता."

ओयुगीने दाराच्या उजवीकडं बघितलं. मग म्हणाला, "तुला कुंपणाची भीती नाही. तुला इथून हलायचं नाही."

"काहीतरी बोलू नकोस."

"दाराच्या उजवीकडची जागा तू दर आठवड्याला खुरपतोस. आम्हाला दिसत नाही का? बायको डावीकडं पुरतात, नवरा उजवीकडं. नवं घर मांडलंस तर तुला तिथं पुरतील आणि वहिनी इथं राहील. एवढंच आहे. त्यापायी माझी पोरं भिजतात."

ओगुतूने त्याला जायला सांगितलं. दुसऱ्या दिवसापासून ओयुगीच्या बायकोकडून सकाळची पेज येईनाशी झाली. अंगण तेच होतं, पण पोरं त्याच्या दारावरून जायची सोडून मागून वळसा घालू लागली.

ओयुगी खरं बोलला होता. पण ओगुतूने कुंपणाची शंका सोडली नाही, कारण ती सोडली असती तर हातात काहीच उरलं नसतं. चौथ्या दिवशी त्याने ठरवलं की आपल्या डोळ्यांनी बघून यायचं. नुंदा गावात हे पैसे दोन वर्षांपूर्वी वाटले होते. तिथं त्याची रोझिला आत्या दिली होती. कुंपण यायचं असेल तर दोन वर्षांत आलंच असेल.

दोन तास चालून तो नुंदाला पोचला. वाटभर खांब शोधत गेला. गावाच्या तोंडाशीच एक खांब दिसला आणि तो थांबला. खाली एक माणूस सायकलचं चाक काढत बसला होता.

"हा खांब कसला?"

"विजेचा."

"कोणाच्या मालकीचा?"

"विजेच्या. तुम्ही कुठले?"

ओगुतूने खांबावर हात ठेवून पाहिला. तार वरून जात होती. मग तो आत्याच्या घरी गेला.

आत्याचं छप्पर पत्र्याचं झालं होतं आणि ती दारात जाड गादी उन्हात घालून तिच्यावरच बसली होती.

"ये. असा माझ्या घराभोवती फिरून काय बघतोस? चोर शोधतोस की मला?"

"कुंपण बघतोय. पैसे दिल्यावर कोणी आलं होतं?"

"आली ना. पोरगी आली. मी आधी सांगितलं होतं गाय घेणार. ती म्हणाली, गाय दाखवा. मी गादी दाखवली."

"मग?"

"मग तिने गादी लिहिली."

"मग?"

"मग गेली. चाळीस वर्षं चटईवर पाठ टेकली मी. गाय काय मला झोपवणार होती?"

"अंगठा घेतला?"

"नाही."

"जमीन मोजली?"

"ओगुतू," आत्या म्हणाली, "तुझा आतोबा अजून त्याच जागी आहे. जाऊन बघ."

तो गेला आणि त्याने बघितलं. आत्याने उरलेल्या पैशांतून नवऱ्याच्या कबरीला सिमेंट केलं होतं. चारी बाजूंनी मोकळं होतं. एक शेळी तिच्यावर उभी होती. ओगुतूने शेळी हाकलली आणि परत येऊन जमिनीवर बसला. आत्याने विचारलं नाही तरी त्याने सांगितलं. उजवीकडच्या जागेचं सांगितलं. ओयुगीच्या पोरांचं सांगितलं. नवं घर मांडताना विस्तव बायकोने न्यायचा असतो, तो आता कोण नेणार, हेही सांगितलं. आत्या गादीवरच्या धाग्यांशी खेळत राहिली.

"सरोवरात बुडालेला माणूस सापडला नाही तर आपण काय करतो?" तिने विचारलं.

"यागोच्या झाडाचं फळ पुरतो. त्याच्या नावानं."

"मग तो तिथं आहे असं मानतो की नाही?"

"मानतो."

"झाडाचं फळ चालतं, तर तिच्या कबरीची माती का चालणार नाही? ती घे, नव्या घराच्या डावीकडं ठेव. तू उजवीकडं जा, तुझी वेळ येईल तेव्हा. विस्तव तिच्या चुलीतून मी नेईन. मुलाने धरायची कुऱ्हाड ओयुगी धरेल."

"असं पूर्वी कोणी केलंय?"

"नाही."

"मग हे कोणी सांगितलं?"

"मी सांगते आहे. माझ्याहून म्हातारं आपल्यात आता कोण उरलंय? जा, विचारून ये."

विचारायला कोणी नव्हतं. परत येताना त्याने खांब शोधले नाहीत. विजेच्या खांबाखालचा माणूस अजून चाकच काढत होता.

पुढच्या गुरुवारी क्विंटर परत आली. ज्यांनी नको म्हटलं होतं त्यांना पुन्हा एकदा विचारायचा तिला हुकूम होता. ओगुतू तिची वाट बघत होता, पण चेहऱ्यावर दाखवलं नाही. त्याने ओयुगीला हाक मारली. पाच दिवसांनी पहिल्यांदा.

"वही आण. पेन आण, शाई गळणारं."

ओयुगीने आणलं.

"लिही. क्विंटर नावाच्या मुलीने पैसे दिले. जमीन मागितली नाही. पुढंही मागणार नाही. ती नाही आणि तिच्यामागून येणारं कोणी नाही."

ओयुगीने लिहिलं. ओगुतूने पेन उघडून शाई एका झाकणात काढली आणि झाकण पोरीपुढं धरलं.

"अंगठा दे."

"बाबा, मी नोकर आहे," ती म्हणाली. "माझ्या अंगठ्याला काय किंमत?"

"माझ्या तरी कुठं होती? तरी त्यावर कुंपण उभं राहिलं."

पोरीने ओयुगीकडं बघितलं. ओयुगी आभाळाकडं बघत होता. मग तिने अंगठा शाईत बुडवला आणि कागदावर दाबला. ओगुतूने कागद उन्हात धरला. रेषा स्पष्ट उठल्या होत्या. घडी करून त्याने तो अकुमूच्या पत्र्याच्या डब्यात ठेवला आणि डब्याला कुलूप लावलं.

"आता सांगा," पोरगी अंगठा पुसत म्हणाली. "पैशांचं काय कराल?"

"घर. वरच्या टेकाडावर. दार खाली इकडं तोंड करून."

"दाराची दिशा लिहायला इथं जागा नाही."

"मग तू लक्षात ठेव."

दुसरा हप्ता आल्यावर, मोठा पाऊस लागण्याआधी, त्यांनी टेकाडावर घर मांडलं. पहाटे रीतीप्रमाणे पुढं कोंबडा घेऊन ओगुतू चालला, मागं कुऱ्हाड घेऊन ओयुगी, त्यामागं खापरात विस्तव घेऊन आत्या. चढावर ती तीनदा थांबली आणि तिन्ही वेळा वाटेला शिव्या दिल्या. ओगुतूच्या दुसऱ्या हातात अकुमूच्या ओढणीत बांधलेली माती होती. दिवस मावळायच्या आत पत्रे चढले. माती त्याने दाराच्या डावीकडं स्वतः ठेवली आणि तेव्हा कोणाला जवळ येऊ दिलं नाही. दुसऱ्या दिवशी ओयुगी खालच्या उताराला आपल्या घराची जागा बघत फिरताना त्याला वरून दिसला.

महिन्याभराने क्विंटर आली. पैशांचं काय केलं त्याची नोंद करायची होती. ओगुतू दारात ओमेना निवडत होता. तिने घर बघितलं, मान हलवली आणि फोटोसाठी मागं सरकली.

ओगुतू सूप खाली ठेवून उठला आणि डावीकडच्या मातीपुढं जाऊन उभा राहिला.

"छपराचा काढ," तो म्हणाला. "एवढी जागा सोडून."