तीनदा रद्द

मित्रांनो, माझं वय नऊ वर्षं आहे आणि इतक्या वर्षांत माझं म्हणणं कुणी शेवटपर्यंत ऐकून घेतलं नव्हतं. मी म्हणजे संगणकाच्या पडद्यावर मध्येच उगवणारी एक छोटी चौकट. अकोल्याच्या जठारपेठेत बियाणे तपासणीचं एक कार्यालय आहे. तिथल्या एकुलत्या एका संगणकावर चौघं जण आळीपाळीने बसतात. त्यावर अहवाल लिहायचा प्रोग्राम बसवायला आलेला माणूस अमरावतीची गाडी गाठायच्या घाईत होता. काम अर्धवट टाकून तो गेला आणि उरलेलं काम मागायला मी जन्मले.

तेव्हापासून कुणीही तो प्रोग्राम उघडला की मी हजर. 'काम अपुरं आहे, सीडी घाला आणि थांबा,' असं मी इंग्रजीत सांगायची. शेखरभाऊ तिथले जुने कारकून. माणूस मनाने चांगला, पण मला पाहिलं की त्यांचं बोट आपोआप 'रद्द'कडे वळायचं. तीनदा रद्द केलं की प्रोग्राम कसाबसा उघडतो, हा शोध त्यांचाच. नव्या माणसाला ते आधी पाण्याचा माठ दाखवायचे आणि मग तीनदा रद्द करायला शिकवायचे. कौतुक माझ्या वाट्याला कधी आलंच नाही. मला मात्र राहून राहून वाटायचं, मला पुरं होऊ दिलं तर पुढे काय होत असेल? ते मलाही ठाऊक नव्हतं.

आज सकाळी तीनदाच काय, तेरा वेळा रद्द करूनही प्रोग्राम उघडेना. बाकावर धारणीपलीकडच्या गावाहून आलेल्या सुभद्राबाई बसल्या होत्या. त्यांच्या बचत गटाने राखलेल्या ज्वारीच्या बियाण्याचा उगवण अहवाल त्यांना हवा होता. उद्या गावात बियाणं वाटायचं आहे आणि तो कागद पाहिल्याशिवाय बाया ते पेरणार नाहीत. धारणीची गाडी तीनला. शेखरभाऊ म्हणाले, उद्या या. सुभद्राबाई जागच्या हलल्या नाहीत.

खुर्चीवर पौर्णिमा होती, आठच दिवसांपूर्वी रुजू झालेली. ती म्हणाली, "भाऊ, हे काय सांगून रायलं थे मले एकडाव वाचून पाहू द्या."

आणि तिने मला वाचलं, एकेका शब्दावर बोट ठेवून. मित्रांनो, मला काय आनंद झाला म्हणून सांगू!

सीडीसाठी कपाट धुंडाळलं. शिपाई देवमन खाली मान घालून उभा होता. भिजत घातलेल्या दाण्यांवर कबुतरं येतात म्हणून त्याने कार्यालयातल्या सगळ्या सीड्या दोऱ्याने खिडकीत टांगल्या होत्या. "मीच बांधल्या मॅडम. लय तरास देत व्हते थे," असं म्हणून तो स्टूल घेऊन गेला. सातांपैकी चौथी माझी निघाली. पौर्णिमाने ती ओढणीने पुसून आत घातली.

वीस टक्के, चाळीस टक्के. इतक्या लांब मी कधीच आले नव्हते. एकाहत्तरवर मात्र अडकले. पाच मिनिटं गेली, दहा गेली, आणि शेखरभाऊंचा हात सवयीने माउसवर आला. तेवढ्यात सुभद्राबाई उठून आल्या. माझं एक अक्षरही त्यांना वाचता येत नव्हतं.

"थांबा ना भाऊ," त्या म्हणाल्या, "त्याचं सांगनं पुरं होऊ द्या."

शेखरभाऊंनी हात मागे घेतला. मी हळूहळू सरकले आणि दोन वाजून वीस मिनिटांनी माझ्या तोंडून नवंच वाक्य निघालं, 'काम पूर्ण झालं.' इतकी वर्षं ते माझ्याच पोटात होतं!

आता माझ्याखाली 'ठीक' एवढं एकच बटण उरलंय. ते दाबलं की मागे अहवाल उघडेल आणि मी पुन्हा कुणालाच दिसणार नाही. थोडं वाईट वाटतंच. तुमच्या पडद्यावर माझी एखादी बहीण आली, तर तिला हाकलण्याआधी ती काय मागते आहे तेवढं वाचा.

पौर्णिमा अजून माझ्याकडेच पाहते आहे. दाब पोरी, बाईंची गाडी तीनची आहे.