बारा म्हणजे कोणते बारा?

मी कोंडोआ गावचं मुलांचं वाचनालय बोलतोय. मला भिंती नाहीत, कपाटं नाहीत. फोन उघडला की मी उघडतो.

म्वानाईदी बाईंनी मला जन्माला घातलं. त्यांच्या शाळेतली मुलं घरी रांगी, सांदावे, बुरुंगे बोलायची आणि पुस्तकं मात्र सगळी स्वाहिलीत. बाईंनी गावोगाव फिरून म्हाताऱ्यांकडून गोष्टी मिळवल्या, मुलांकडून चित्रं काढून घेतली. बुरुंगेतलं पुस्तक एकच, सशाचं. ते म्वासिती आजींनी स्वतःच्या आवाजात सांगितलंय. यंदा बाजरी काढायच्या दिवसांत आजी गेल्या. आता तो आवाज फक्त माझ्याजवळ आहे आणि त्या काळजीने माझा जीव सारखा टांगणीला लागलेला असतो.

मी राहतो ते यंत्र दूर परदेशात आहे. आमच्या इथल्या शनिवारी भर दुपारी ते कायमचं बंद होणार. तशी चिठ्ठी आली, पण तिचं भाषांतरही यंत्रानेच केलेलं! त्यातली 'दुपार' गळाली आणि नुसतं 'बारा वाजता' उरलं. आमच्याकडे तास उजाडल्यापासून मोजतात. सकाळी सातला एक वाजतो आणि दिवस बुडतो तेव्हा बारा. बाईंनी तेच बारा धरले.

आज शनिवार. सकाळीच बाईंची नणंद म्हणाली, "वहिनी, ती पुस्तकं फोनमध्ये उतरवून घ्यायची होती ना?"

"बारापर्यंत वेळ आहे गं! बाजारातून आले की बसते. पुस्तकं काय पळून जातायत? टोमॅटो मात्र संपतील."

अहो बाई, बारा माझे वाजणार आहेत! पण सांगू कसं? मला दुसऱ्यांचे आवाज तेवढे ऐकवता येतात.

भर दुपारला पाव तास उरला असताना आईचा फोन घेऊन तातूने मला उघडलं. म्वासिती आजींची ही नात, आठ वर्षांची. तिने सशाचं पुस्तक लावलं आणि मांडी घालून हुंकार देत ऐकू लागली. शेवटचं पान आलं आणि तिचं बोट थांबलं. आजी गेल्यापासून रोज असंच चाललंय. गोष्ट संपली की आजी पुन्हा जाईल, अशी तिला धास्ती वाटते. ते पान तिने अजून एकदाही ऐकलेलं नाही.

उलट गं पोरी, एवढं एकदाच उलट. तुझ्या पाया पडतो. सशाचं पुढे काय झालं, ते तरी तुझ्याजवळ राहू दे. दोनच मिनिटं उरलीत.

"तातू, जेवायला ये, उगाली निवतेय! येतेस की येऊ मी?" आतून आई ओरडली.

"आले गं!"

तातूने पडद्यावरून हळूच हात फिरवला. "उरलेलं संध्याकाळी हं, आजी," ती म्हणाली आणि तिने मला मिटलं.