दोन पिवळे कण

नऊ वर्षांच्या अबोल्यानंतर ऑर्किडला फूल आले, तेव्हा निवृत्त आरेखक असलेल्या दादांना आधी हर्ष झाला आणि मग काळजात धस्स झाले. फूल अंगठ्याएवढे, पांढरे, आतून किंचित हिरवट. पण तळाशी पाच कंदांपैकी चार कुजून काळे पडलेले. मरण्याआधी झाडाने होते नव्हते ते या एका फुलात उधळून टाकले होते.

पहाटे गच्चीवरच्या काचेच्या खोलीत ते दरवळे. त्या वासात दादांना तरुणपणीचे अरण्य दिसे: धुक्यात तरंगणारी खोडे, शेवाळातून पाझरणारा हिरवा उजेड आणि आडवा पडलेला एक प्रचंड वृक्ष. तिथल्या रस्त्याचा नकाशा दादांनीच काढला होता. रेघ सरळ होती. वृक्ष मध्ये आला. त्याच्या फांदीवरून हे रोप त्यांनी उचलून आणले, आणि तेव्हापासून रानातल्या मूळ जातींखेरीज एकही ऑर्किड घरात येऊ दिले नाही. या जातीचे दुसरे झाड चाळीस वर्षे शोधूनही मिळाले नव्हते. मागे दोनदा त्याचेच पराग त्याला देऊन पाहिले. शेंग धरली, पिवळी पडली, गळाली.

धाकटी बहीण मात्र हौसेने संकर करी. तिच्या जांभळ्या, ठिपकेदार फुलांना दादा ‘सर्कशीतले विदूषक’ म्हणत.

“दादा, दातकोरण्यावर मावेल एवढंच मागतेय. पराग दे.”

“भेसळ करायला?”

“सोयरीक म्हण. चाळीस वर्षांचा घोडा बिनलग्नाचा ठेवलास.”

“मी ते निर्भेळ ठेवलंय.”

“निर्भेळ आणि निर्वंश!” बोलून गेली आणि तिचा आवाज उतरला. “रागावू नकोस रे. शेंग पिकायला नऊ महिने लागतात. हे नऊ आठवडे तरी काढेल का? माझ्या झाडावर पिकू दे.”

दादांनी कुंडी आपल्याकडे ओढून घेतली. “हट्टाला औषध नाही,” म्हणत ती जिना उतरली.

दुपारी खुर्चीतच त्यांचा डोळा लागला. स्वप्नात तोच रस्ता होता, पट्टीने आखल्यासारखा. दोन्ही कडांना काहीच नव्हते, आणि तो वास एकटाच टेकायला फांदी शोधत रस्त्यावरून चालला होता.

जागे होताच त्यांनी पाचवा कंद दाबून पाहिला. तोही मऊ लागला.

दादांनी दातकोरण्याने फुलाची इवलीशी टोपी उचलली. दोन पिवळे कण टोकाला चिकटून आले. ट्रेसिंग पेपरच्या घडीत ते ठेवून, छातीशी धरून, ते बहिणीच्या दारात उभे राहिले.

तिने चेष्टा केली नाही. आपले सर्वांत धडधाकट झाड पुढे ठेवले. “तूच लाव.”

त्यांनी श्वास रोखून कण त्याच्या फुलात टेकवले.

“लागू पडलं, तर दोन-तीन दिवसांत फूल कोमेजेल,” ती म्हणाली. “पाटीवर काय लिहू?”

“आई-झाडाचं नाव आधी. पराग देणाऱ्याचं मागून.”

“अरेच्चा! संकराचे नियम तुला पाठ?”

“विरोध करायचा तर वाचावं लागतं.”

तिसऱ्या दिवशी तिचा फोन आला. “दादा, फुलानं मान टाकली!”

“शाबास!” दादा इतक्या मोठ्याने म्हणाले, की काच घुमली. मग फळीवरच्या कुंड्या हलक्या हाताने सरकवून ते एका रोपापुरती जागा करू लागले.